शेवटचा हात कुणी लावला?

खंबाटकी घाट चढताना गाडीने पहिला गचका दिला. माझा मावसभाऊ पुण्याहून साताऱ्याला आमच्याकडे निघाला होता. गाडीत चार माणसं, डिकी भरलेली, एसी चालू. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या हातांनी चारही स्पार्क प्लग बदलले होते. नंतर गाडी नीट चालू झाली, बाजारात एक फेरीही झाली. घाटात मात्र ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन अडखळायचं आणि पाय सैल केला की सावरायचं. मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकत होता. त्याने गाडी कडेला घेऊन मला फोन केला. "दादा, कालच नवे प्लग घातलेत आणि गाडी मिसिंग मारतेय. जुन्या प्लगांवर तर चांगली चालत होती."

मी त्याला म्हटलं, थोडा वेळ थांब, एसी बंद कर, खालच्या गिअरमध्ये हलक्या पायाने घाट चढ. दिवा पुन्हा लुकलुकायला लागला तर तिथेच थांब, गाडी टो करून आणू. हलक्या पायावर दिवा लुकलुकायचा थांबला आणि नुसता पेटून राहिला. संध्याकाळी आम्ही गाडी नानांच्या गॅरेजात नेली.

नाना सत्तरीच्या घरातले. पद्मिनी आणि ॲम्बेसेडरपासून आजच्या गाड्यांपर्यंत त्यांनी किती हेडं उघडली असतील याची मोजदाद नाही. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, स्कॅनरही मागितला नाही. हात पुसत पुसत त्यांनी फक्त विचारलं, "पाव्हणं, हिला शेवटचा हात कुणी लावला?"

"मीच, नाना. काल प्लग बदलले."

"मग तिथनंच धरू."

हे पूर्ण प्रकरण या एका प्रश्नाबद्दल आहे. काम केल्यावर लगेच बिघाड सुरू झाला, तर तो बहुधा त्याच कामाच्या वाटेवर सापडतो. आपलं मन मात्र उलट दिशेला धावतं. प्लग नवे आहेत, खोक्यातून काढलेले आहेत, म्हणजे ते चांगलेच असणार. मग दोष कॉइलचा, इंजेक्टरचा, पेट्रोलपंपावरच्या पेट्रोलचा. अशा वेळी लोक हजारो रुपयांचे सुटे भाग बदलून बसतात आणि सुटलेला कनेक्टर तसाच लोंबकळत राहतो.

नानांचा दुसरा प्रश्नही तितकाच मोलाचा होता. "प्लग बदलायच्या आधी मारत होती का मिसिंग?" पुष्कळ लोक मिसिंग होतंय म्हणूनच प्लग बदलतात. ते गेलं नाही की सांगतात, "प्लग बदलल्यापासून होतंय." अशा गाडीत प्लगांच्या मागे लागणं म्हणजे वेळ घालवणं. भावाची गाडी आधी बरी होती. साठ हजार किलोमीटर झाले म्हणून त्याने प्लग बदलले होते. म्हणजे रविवार सकाळच्या त्या दीड तासातच काहीतरी घडलं होतं.

मिसिंग म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत पाहिलं की त्याचं गांभीर्य कळतं. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर चार कामं करतो: हवा आणि पेट्रोल आत घेणं, ते दाबणं, पेटवणं आणि जळलेला वायू बाहेर ढकलणं. या चार कामांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. म्हणजे सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर फिरत असेल, तर प्रत्येक प्लगला मिनिटाला ४०० ठिणग्या टाकाव्या लागतात. ३००० फेऱ्यांवर त्याच प्लगला सेकंदाला २५. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टला दर अर्ध्या फेऱ्याला एक ढकल मिळते. एक सिलिंडर पेटला नाही, तर पूर्ण फेराभर ढकल नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात दोन ढकलींत मुळातच २४० अंशांचं अंतर असतं. एक चुकली की ते ४८० अंशांवर जातं. १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० तीन सिलिंडरची. तिचा एक प्लग मेला की आरशातलं चित्र कसं थरथरायचं, हे ती चालवलेल्यांना अजून आठवत असेल.

सिलिंडर पेटण्यासाठी योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल हवं, ते नीट दाबलं जायला हवं आणि योग्य क्षणी ठिणगी हवी. यातलं काहीही चुकलं तरी मिसिंग होतं. प्लग बदलताना आपण ठिणगीच्या वाटेवर हात घालतो, आणि कधी कधी हवेच्या वाटेवरही. पुष्कळ गाड्यांत प्लगपर्यंत पोचायला एअर फिल्टरचा डबा, त्याचा पाइप, काहींत तर इनटेक मॅनिफोल्डही काढावा लागतो. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

ठिणगीची वाट तशी छोटी आहे. बॅटरीचे १२ व्होल्ट इग्निशन कॉइलमध्ये जातात. कॉइलमधला प्रवाह अचानक तोडला की तिच्या बारीक तारेच्या वेटोळ्यांत वीस-तीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब उभा राहतो आणि तो प्लगच्या टोकाकडच्या फटीतून उडी मारतो. १९०२ साली श्टुटगार्टला रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला. त्यानंतर ठिणगी निर्माण करण्याच्या पद्धती अनेकदा बदलल्या, पण होनोल्डला आजचा प्लग हातात दिला तर तो लगेच ओळखेल. मधोमध धातूचा दांडा, त्याभोवती पांढरं सिरॅमिक, बाहेर आटे असलेलं लोखंडी कवच आणि टोकाला वाकवलेली पट्टी. त्या पांढऱ्या सिरॅमिकचं एकच काम, वीस-तीस हजार व्होल्टना आडवाटेने जाऊ न देणं. आपल्या गोष्टीत त्याला महत्त्व आहे.

नानांच्या मुलाने स्कॅनर लावला. कोड आला पी-०३०३.

सिलिंडरच्या आत कुठलाही डोळा नसताना संगणकाला हे कसं कळतं, याचं मला कायम कौतुक वाटतं. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक असतं. पुष्कळ गाड्यांत त्यावर साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरा कुठून सुरू झाला ते समजतं. एक सेन्सर या दातांमधला वेळ मोजत राहतो. सिलिंडर पेटला की चाक किंचित वेगावतं, पेटला नाही की किंचित मंदावतं. कुठल्या क्षणी कुणाची पाळी होती हे संगणकाला ठाऊक असतं, म्हणून तो नाव घेऊन सांगू शकतो. कोडमधला शेवटचा आकडा सिलिंडरचा. ०३०१ पहिला, ०३०३ तिसरा. आणि ०३०० म्हणजे एकच सिलिंडर नाही, अनेक किंवा अनिश्चित. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून ही व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे २०१३ नंतरच्या गाड्यांत ती मिळते, आणि ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर आता घरोघरी येऊ लागला आहे. सिलिंडर मोजताना मात्र चूक होते. आडव्या बसवलेल्या बहुतेक इंजिनांत एक नंबर पट्ट्याच्या किंवा चेनच्या बाजूला असतो, तरी आपल्या गाडीचं पुस्तक एकदा पाहून घ्यावं.

०३०० आणि ०३०३ यांतला फरक म्हणजे अर्धं निदान आहे. चारही सिलिंडर तक्रार करत असतील, तर जे चौघांना सामाईक आहे ते बघायचं: चुकीच्या नंबरचे प्लग, उलटसुलट लावलेल्या वायरी, निसटलेला हवेचा पाइप. एकच सिलिंडर बोलत असेल, तर त्याचं स्वतःचं जे काही आहे तेवढंच तपासायचं. भावाच्या गाडीचा सगळा शोध आता वीतभर जागेत आला होता.

लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल इथेच सांगायला हवं, कारण त्याकडे दुर्लक्ष झालं तर नुकसान मोठं होतं. नुसता पेटलेला दिवा सांगतो की तपासून घ्या. लुकलुकणारा दिवा सांगतो की आत्ता, या क्षणी, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं नुकसान होतंय. न जळलेलं पेट्रोल आणि हवा सायलेन्सरच्या वाटेवर असलेल्या या जाळीदार सिरॅमिकच्या ठोकळ्यात जाऊन जळतात. तो इतका तापू शकतो की त्याची जाळी वितळून बसते. चारशे-पाचशे रुपयांच्या प्लगापायी कित्येक हजारांचा कन्व्हर्टर जातो. म्हणून लुकलुकताना गाडी दामटू नये. "पोचू कसंतरी" हा विचार इथे महागात पडतो.

इंजिन गार व्हायला रात्र गेली. गरम इंजिनावर प्लग काढायला नानांची ठाम मनाई आहे, आणि ती रास्त आहे. हेड ॲल्युमिनियमचं असतं, त्यातले आटे मऊ. गरम असताना जोर लावला की आटे प्लगबरोबर बाहेर येतात. मग ते काम गल्लीतलं राहत नाही.

सकाळी नानांनी पहिल्यांदा पाना घेतलाच नाही. नुसत्या बोटांनी प्रत्येक कॉइलचा कनेक्टर दाबून आणि ओढून पाहिला. या कनेक्टरला प्लॅस्टिकची जीभ असते, ती बसली की "टक्" असा आवाज येतो. इंजिनाच्या उष्णतेने ही जीभ काही वर्षांत ठिसूळ होते आणि काढताना मोडते. मग कनेक्टर बसल्यासारखा दिसतो, पण थरथरीत हळूहळू सुटतो. प्लग बदलल्यानंतरच्या मिसिंगचं हे इतकं साधं कारण आहे की ते पहिल्यांदा बघायला माणसाला कमीपणा वाटतो. नंतर कॉइल. ती प्लगवर पूर्ण खाली बसली आहे का, तिचा बोल्ट घट्ट आहे का. कॉइलच्या खालच्या टोकाला रबराची लांब टोपी असते, तीही उष्णतेने कडक होऊन जुन्या प्लगला चिकटते. ओढून काढताना ती आतून फाटते आणि आतली स्प्रिंग वाकते किंवा जुन्या प्लगवरच राहते. अशा वेळी कॉइल वरून कितीही छान दिसली तरी ठिणगी फाटलेल्या जागेतून हेडमध्ये निघून जाते.

ज्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर कॉइल नसते, तिथे एकाच कॉइल पॅकमधून जाड वायरी येतात. यांची अदलाबदल ही जुन्या काळापासूनची चूक. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन असतो. डिस्ट्रिब्युटरच्या जमान्यात दोन वायरी उलट लागल्या की कार्बोरेटरमधून फटाक्यासारखे आवाज यायचे, आणि नानांच्या म्हणण्याप्रमाणे असं गिऱ्हाईक दिवसाआड यायचं. कॉइल पॅकच्या गाडीत एक गंमत आहे. तिथे पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला एकाच वेळी ठिणगी मिळते, दुसऱ्या आणि तिसऱ्यालाही तसंच. त्यामुळे एक आणि चारच्या वायरी उलट लागल्या तरी गाडी चालते. एक आणि दोनच्या उलटल्या की चालत नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो अशा वेळी चक्रावून जातो. साधा उपाय म्हणजे वायर काढण्यापूर्वी तिला चिकटपट्टी लावून नंबर घालणं, आणि त्याहून सोपं म्हणजे एका वेळी एकच प्लग बदलणं.

हवेच्या वाटेकडेही नानांनी बॅटरीचा झोत टाकला. एअर फिल्टरचा पाइप, त्याची क्लिप, ब्रेक बूस्टरकडे जाणारी नळी, हवेच्या सेन्सरचा कनेक्टर. इथे बोटाएवढी नळी सुटली असेल तर न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि गाडी उभी असताना थडथडते. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. हवेची गळती बहुधा आयडलिंगला त्रास देते आणि रेस केल्यावर लपते. ठिणगीची दुर्बलता याच्या उलट: उभ्या गाडीत लपते, चढावर उघडी पडते. भावाची गाडी घाटात अडखळली होती, बाजारात नाही. त्यामुळे नानांनी हवेच्या नळ्या पाहिल्या, पण त्यांत जास्त वेळ घालवला नाही.

चढावरच ठिणगी का हरते? फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ साली याचा नियम मांडला. वायूमधून ठिणगी उडवायला लागणारा व्होल्टेज फटीच्या रुंदीवर आणि वायूच्या दाबावर, म्हणजे या दोहोंच्या गुणाकारावर, अवलंबून असतो. खुल्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये तीच हवा कित्येक पट दाबलेली असते, म्हणून तिथे कित्येक पट व्होल्टेज लागतो. आता गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आत हवा थोडीच येते, दाबही कमी. घाटात ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडर हवेने गच्च भरतो आणि ठिणगीपुढची भिंत उंच होते. वीज सोपी वाट शोधते. फटीतून जाणं अवघड झालं की ती सिरॅमिकमधल्या बारीक तड्यातून, फाटक्या रबरातून, ओलसर पृष्ठभागावरून पळते. म्हणूनच प्लग बाहेर काढून हेडला टेकवून ठिणगी बघण्याची जुनी रीत फसवी आहे. बाहेर ठसठशीत निळी ठिणगी दिसते आणि आत काहीच होत नाही. शिवाय आजच्या कॉइलांना आणि संगणकाला ती रीत मानवत नाही, आणि जवळपास पेट्रोलची वाफ असेल तर माणसालाही धोका असतो.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांना हाच नियम अधिक कडक लागतो. मिथेनचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतो, त्यामुळे सीएनजीच्या गाड्यांत प्लगची फट बहुधा थोडी कमी ठेवतात. पेट्रोलवर लोण्यासारखी चालणारी आणि सीएनजीवर टाकताच गचके देणारी गाडी आली, की गॅस किटला दोष देण्याआधी फट मोजावी.

फट मोजायला फीलर गेज लागतो. त्याच्या पातळ पोलादी पात्या साध्या प्लगांना चालतात. इरिडियम किंवा प्लॅटिनमच्या प्लगाचं टोक सुईसारखं असतं, तिथे पाती घासू नये, टोक तुटतं. नवे प्लग "प्री-गॅप्ड" असतात, म्हणजे फट कारखान्यात लावलेली असते, असं खोक्यावर म्हटलेलं असतं. ते कारखान्यातून निघताना खरं असतं. वाटेत प्लग एकदा जरी टोकावर पडला तरी पट्टी वाकते आणि फट मिटते.

नंबरांबद्दल थोडं. प्लगवर छापलेली अक्षरं आणि आकडे म्हणजे त्याची पूर्ण कुंडली असते. आट्यांचा व्यास, लांबी, रेझिस्टर आहे की नाही, उष्णतेची श्रेणी, फट. एनजीकेच्या नंबरात शेवटी ११ असेल तर फट १.१ मिलिमीटर. उष्णतेच्या श्रेणीत मोठा घोटाळा होतो: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की प्लग गरम. एका कंपनीचा सहा दुसरीच्या सहाशी जुळवणाऱ्याने चुकीचा प्लग घातलाच म्हणून समजा. प्लगचं आतलं टोक साधारण साडेचारशे ते साडेआठशे अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावं लागतं. त्याखाली काजळी जळून जात नाही आणि त्यावर तापलेलं टोकच मिश्रणाला ठिणगीआधी पेटवतं. भावाने नंबर बरोबर आणले होते, हे खोकी पाहून कळलं. नानांनी जुने प्लगही मागितले. जुना प्लग फेकून न देण्याचं कारण हेच, तो हाताशी असला की नव्याशी ताडून बघता येतो. अडचणीत परत घालूनही बघता येतो.

मग खरी परीक्षा. नानांच्या मुलाने तीन नंबरची कॉइल दोनवर आणि दोनची तीनवर लावली. बाकी कशालाही हात नाही. कोड पुसला आणि आम्ही यवतेश्वरच्या घाटात गाडी नेली. चढ लागताच गचका, कोड पुन्हा पी-०३०३. कॉइल निर्दोष ठरली. ही पद्धत मला न्यायालयातल्या उलटतपासणीपेक्षा खात्रीची वाटते, कारण इथे साक्षीदार बदलून टाकता येतात. एका वेळी एकच वस्तू हलवायची, कोड पुसायचा, ज्या परिस्थितीत बिघाड झाला ती पुन्हा उभी करायची आणि तक्रार वस्तूबरोबर गेली की जागेवर राहिली ते पाहायचं. दोन वस्तू एकदम हलवल्या तर उत्तर मिळतं, पण ते कशाचं हे कळत नाही. खरं तर लोक इथेच घाई करतात आणि कॉइल-प्लग दोन्ही एकदम नवे आणून टाकतात. गाडी बरी होते, पण एक चांगली वस्तू भंगारात जाते आणि बिघाडाचं कारण कधीच कळत नाही.

इंजिन गार होईपर्यंत चहा झाला. तेवढ्यात नानांनी भावाला स्कॅनरचा आणखी एक चकवा समजावला. सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन जसाच्या तसा सायलेन्सरकडे जातो. तिथला ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल ओळखत नाही, फक्त ऑक्सिजन ओळखतो. तो संगणकाला सांगतो, मिश्रण पातळ आहे. संगणक बिचारा सगळ्याच सिलिंडरांना जास्त पेट्रोल द्यायला लागतो. गाडीला पेट्रोलचा वास येतो, ॲव्हरेज पडतं, आणि स्कॅनरवर पातळ मिश्रणाचाही कोड येऊ शकतो. नवशिका फिटर तो कोड वाचून इंजेक्टर धुवायला घेतो. म्हणून मिसिंगचा कोड असताना आधी मिसिंगच सोडवायचं, बाकीचे कोड बहुधा त्याच्यामागून आलेले असतात.

मग प्लग बाहेर आले. नानांनी प्लगच्या विहिरीत आधी झोत टाकला. तिथे तेल साचलेलं असेल तर ते वरच्या कव्हरच्या सीलमधून झिरपलेलं असतं आणि कॉइलचं रबर फुगवून टाकतं. पाणी असेल तर कुणीतरी इंजिनावर प्रेशरने पाणी मारलेलं असतं. पावसाळ्यात चिखल धुवायच्या नादात हे फार होतं. इथे दोन्ही नव्हतं. प्लग पुरेसा घट्ट होता का, हेही त्यांनी पाना लावताच ओळखलं. सैल प्लगमधून दाब गळतो आणि त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही. जास्त घट्ट केला तर आटे जातात किंवा कवच ताणलं जातं. १४ मिलिमीटरच्या नव्या वॉशरवाल्या प्लगसाठी नियम असा: बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तेवढ्यात वॉशर चेपून सील होतो. एकदा चेपलेला वॉशर परत लावताना एक-बारांश फेरा पुरतो.

तीन नंबरचा प्लग दोनमध्ये गेला, दोनचा तीनमध्ये. पुन्हा यवतेश्वर. त्याच चढावर गचका आला आणि स्कॅनरवर या वेळी पी-०३०२ उमटलं. तक्रार प्लगबरोबर चालत गेली होती.

प्लग पुन्हा बाहेर काढून नानांनी तो उन्हात धरला आणि भिंग लावलं. कवचाच्या वर सिरॅमिकवर फिकट तपकिरी कडं दिसत होतं. भाऊ म्हणाला, "हाच डाग ना?" नाना म्हणाले, "त्यो काय नाय, चांगल्या प्लगाला पण येतो." ते खरं आहे. उच्च दाबामुळे आसपासच्या हवेतले तेलाचे सूक्ष्म कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, त्याने बिघाड होत नाही. नानांनी प्लग हळूहळू फिरवला. दुसऱ्या बाजूला सिरॅमिकवर केसाएवढी काळी रेघ होती, शिसपेन्सिलीने वरून खाली ओढल्यासारखी. ती षटकोनी कवचाच्या काठापर्यंत येऊन थांबत होती. वीज तड्यातून बाहेरच्या बाहेर पळाली होती आणि जाताना काजळीचा माग सोडून गेली होती. हा माग एकदा पडला की तो पुसून भागत नाही. काजळी विजेला वाट देते, आणि प्रत्येक पुढच्या ठिणगीला ती वाट आणखी सोपी होते. कॉइलच्या रबरातही आतून तशीच रेघ उमटते, म्हणून नानांनी तीन नंबरची कॉइल परत काढून तिचं रबर उलटं करून पाहिलं. ते स्वच्छ होतं. दोन दिवस जास्त चालवली असती तर कॉइलही गेली असती.

प्लग निर्दोष निघाला असता, तर पुढची वाट वेगळी होती. इंजेक्टरची अदलाबदल, मग सिलिंडरमधला दाब मोजणं, टॅपेटचं अंतर पाहणं. चारही सिलिंडरांचा दाब एकमेकांशी जुळतो का, हे एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जातं. पण प्लग बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी तिथपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

"पडला होता का कुठं?" नानांनी विचारलं.

भाऊ गप्प झाला. मग म्हणाला, "खोक्यातून काढताना एक हातातून सुटला होता. काँक्रीटवर पडला, गाडीखाली घरंगळत गेला. बघितला तर फट ठीक होती, काही मोडलेलं नव्हतं. म्हणून घातला." तो क्षण त्याला आठवला नव्हता असं नाही, पण बिघाडाशी त्याने तो जोडलाच नव्हता. तेवढ्या छोट्या आपटण्याने असा तडा जातो आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. तडा पाना तिरका लागल्यानेही जातो. म्हणूनच प्लगच्या गोटीत आतून रबर असतं, आणि ते निखळलं असेल तर गोटी बदलावी.

त्याच नंबरचा नवा प्लग बाजारातून आला. नानांनी फट मोजली, प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावला आणि बोटांनी फिरवत तो विहिरीत उतरवला. नळीने फिरवलं की आटे तिरके बसत असतील तर नळी घसरते आणि लगेच कळतं. टेकल्यावर पाना, अर्ध्या फेऱ्याला थोडं जास्त. कॉइल, बोल्ट, कनेक्टर, "टक्". तिसऱ्यांदा यवतेश्वर चढलो, या वेळी चौघं बसून आणि एसी लावून. स्कॅनरवर काही उमटलं नाही.

परत आल्यावर भावाने तडकलेला प्लग खोक्यात ठेवायला घेतला. नानांनी तो त्याच्या हातातून घेतला, ऐरणीवर आडवा ठेवला आणि हातोडीच्या एका घावात त्याचं सिरॅमिक फोडून टाकलं. "दिसतो नवा," ते म्हणाले. "उद्या कुणीतरी उचलून घालंल."